एका आईची आठवण : डीईएस या गोळीचा इतिहास आणि रोजच्या वापरातील रसायने

१/
१९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेतील बोस्टन शहराच्या एका रुग्णालयात सात मुली उपचारांसाठी आल्या. वये १५ ते २२. सातही जणींना योनीमार्गातील ग्रंथीपेशींचा कर्करोग झाला होता. योनीमार्गाचा कर्करोग मुळातच विरळा आणि झालाच तर बहुधा पन्नाशीनंतरचा. इतक्या लहान वयात तो जवळपास अज्ञात होता. डॉक्टरांना कारण सापडेना. अखेर एका मुलीच्या आईनेच प्रश्न केला : गरोदरपणी घेतलेल्या गोळीचा तर याच्याशी संबंध नसेल?
#इतिहास #धागा

२/
त्या गोळीचे नाव डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, संक्षेपाने डीईएस. तिची कथा वैद्यकाच्या इतिहासात बहुधा एका ठरावीक तात्पर्यासह सांगितली जाते : विज्ञानाकडून चूक झाली आणि विज्ञानानेच ती सुधारली. हे तात्पर्य अर्धेच खरे आहे. ही चूक उघडकीस आली ती काही योगायोग एकत्र जुळून आल्यामुळे. तसे योगायोग बाटली, डबा, पावती, कीटकनाशक अशा रोजच्या वस्तूंतील रसायनांच्या वाट्याला येत नाहीत. म्हणूनच हा इतिहास आजही महत्त्वाचा आहे.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, ही शरीरातील ग्रंथींनी रक्तात सोडलेली रसायने. त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. पण पेशींतील विशिष्ट ग्राहकांना ती चिकटली की त्या पेशींनी वाढावे की थांबावे, कोणते रूप घ्यावे, हे ठरते. इस्ट्रोजेन हे त्यांपैकी एक. बाहेरून आलेले एखादे रसायन याच ग्राहकांना चिकटू शकले, तर शरीर त्यालाही इस्ट्रोजेनच समजते. प्रौढ शरीरात हा गोंधळ पुष्कळदा तात्पुरता ठरतो. गर्भात मात्र अवयव घडत असतात, आणि तिथे झालेला बदल जन्मभर टिकू शकतो.

४/
१९३०च्या दशकात नैसर्गिक इस्ट्रोजेन दुर्मीळ आणि महाग होते. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील एडवर्ड चार्ल्स डॉड्स हे त्याला स्वस्त कृत्रिम पर्याय शोधत होते. एकामागून एक संयुगे ते प्राण्यांवर तपासत गेले. १९३६ मध्ये त्यांनी विल्फ्रिड लॉसन यांच्यासह ज्या संयुगांत इस्ट्रोजेनसारखा गुण आढळल्याचे नोंदवले, त्यांत बिस्फेनॉल ए हेही होते. त्याचा परिणाम सौम्य असल्याने औषध म्हणून ते मागे पडले. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. याच कथेत ते पुन्हा येणार आहे.

५/
फेब्रुवारी १९३८ मध्ये डॉड्स आणि ऑक्सफर्डच्या रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या गटांनी ‘नेचर’ नियतकालिकात डीईएस जाहीर केले. ते प्रभावी होते, स्वस्त होते आणि तोंडाने घेता येत होते. संशोधनाला सार्वजनिक पैसा असल्याने त्यावर एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले गेले नाही. हेतू उदात्त होता. परिणाम असा झाला की कोणतीही कंपनी ते बनवू शकत होती. एकट्या अमेरिकेत पुढे दोनशेहून अधिक कंपन्यांनी ते बनवले. या एका तपशिलाला चाळीस वर्षांनी न्यायालयात मोठे महत्त्व येणार होते.

६/
धोक्याच्या खुणा तेव्हाही होत्या. फ्रान्सच्या आंत्वान लाकासान्य यांनी १९३२ मध्येच नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचून त्यांच्यात स्तनाचा कर्करोग निर्माण झाल्याचे दाखवले होते. १९३८ मध्ये त्यांनी डीईएसबाबतही तेच दाखवले. त्याच वर्षी खुद्द डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की या औषधाने प्राण्यांमधील नुकतीच सुरू झालेली गर्भधारणा खंडित होते. १९३९ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवले की गरोदर उंदरांना इस्ट्रोजेन दिल्यास पिलांच्या जननेंद्रियांची घडण बिघडते. हे सारे छापून आलेले होते. कोणी दडवलेले नव्हते.

७/
१९४१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीईएसला रजोनिवृत्तीच्या त्रासासह काही मोजक्या कारणांसाठी परवानगी दिली. त्याच वर्षी चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगावर इस्ट्रोजेनचा उपयोग होतो हे दाखवले आणि डीईएस त्या रोगाचे औषध ठरले. १९६६ मध्ये या कार्यासाठी हगिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे हे रसायन सरसकट विष नव्हते. कोणाच्या शरीरात आणि कोणत्या वेळी ते जाते, यावर सारे अवलंबून होते. नेमका हाच मुद्दा पुढे विसरला गेला.

८/
बोस्टनमध्ये ऑलिव्ह आणि जॉर्ज स्मिथ हे हार्वर्डचे संशोधक दांपत्य गर्भ न टिकण्याच्या कारणांचा अभ्यास करत होते. संप्रेरके कमी पडल्यामुळे गर्भ पडतो आणि डीईएसमुळे ती कमतरता भरून निघते, अशी त्यांची मांडणी होती. १९४७ मध्ये गरोदरपणातील वापरालाही परवानगी मिळाली. १९४८ मध्ये स्मिथ यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांच्या पद्धतीनुसार सातव्या आठवड्यापासून रोज ५ मिलिग्रॅमने सुरुवात करून पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत मात्रा रोज १२५ मिलिग्रॅमवर न्यायची होती. जे औषध प्राण्यांत गर्भ पाडते असे १९३८ मध्ये दिसले होते, तेच दहा वर्षांत गर्भ टिकवणारे औषध म्हणून घराघरांत पोहोचले.

९/
स्मिथ यांच्या अभ्यासात योग्य तुलनागट नव्हता. ती उणीव १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या विल्यम डिकमन यांनी भरून काढली. त्यांनी १,६४६ गरोदर स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना डीईएस आणि उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. गर्भपात कमी झाले नाहीत, मुदतपूर्व प्रसूतीही कमी झाल्या नाहीत. १९७८ मध्ये हीच आकडेवारी पुन्हा तपासली गेली, तेव्हा डीईएस घेतलेल्यांत गर्भपात आणि मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण उलट अधिक होते असे आढळले. औषध ज्यासाठी दिले जात होते, नेमके तेच ते बिघडवत होते.

१०/
१९५३च्या निष्कर्षानंतर गरोदर स्त्रियांसाठी ही विक्री थांबायला हवी होती. ती आणखी अठरा वर्षे चालली. १९५७ मधील एका जाहिरातीत तर ही गोळी सर्वच गरोदर स्त्रियांना नेमाने द्यावी, बाळ अधिक मोठे आणि सशक्त होते, असा दावा होता. १९६२च्या कायद्याने औषधाचा गुण सिद्ध करणे बंधनकारक झाले आणि जुन्या औषधांची फेरतपासणी सुरू झाली. तिच्यात १९६७ मध्ये डीईएसला या वापरासाठी ‘कदाचित परिणामकारक’ असा शेरा मिळाला. निरुपयोगी ठरलेल्या औषधाला त्या ‘कदाचित’ने आणखी चार वर्षे दिली.

११/
दोष एकट्या लोभाला देऊन चालणार नाही. एकदा गर्भ गमावलेल्या स्त्रीला काहीतरी हवे होते, डॉक्टरला रिकाम्या हाताने तिला परत पाठवायचे नव्हते, आणि गोळी स्वस्त होती. त्या काळी नाळ गर्भाचे रक्षण करते असा सर्वसाधारण समज होता. १९६१ मध्ये थॅलिडोमाइडने तो खोटा ठरवला. पण तिथे अपंगत्व जन्मतःच दिसत होते. जन्मतः निरोगी दिसणारे मूल पंधरा-वीस वर्षांनी आजारी पडू शकते, ही शक्यता तेव्हाच्या चाचण्यांत बसतच नव्हती.

१२/
आता पुन्हा बोस्टनकडे. आर्थर हर्बस्ट, हॉवर्ड उलफेल्डर आणि डेव्हिड पॉस्कॅन्झर यांनी आईच्या त्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. शहरातील दुसऱ्या रुग्णालयातील एक रुग्ण धरून आठ जणी झाल्या. प्रत्येकीसाठी त्याच रुग्णालयात त्याच सुमारास जन्मलेल्या चार निरोगी मुली निवडल्या : एकूण ३२. सर्वांच्या आयांना गरोदरपणाबद्दल विचारले. आठांपैकी सात आजारी मुलींच्या आयांनी डीईएस घेतले होते. ३२ निरोगी मुलींच्या आयांपैकी एकीनेही नाही. २२ एप्रिल १९७१ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा निबंध आला.

१३/
न्यूयॉर्क राज्याच्या कर्करोग नोंदणीत शोध घेतल्यावर आणखी पाच मुली सापडल्या. पाचही जणींच्या आयांनी कृत्रिम इस्ट्रोजेन घेतले होते. नोव्हेंबर १९७१ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने गरोदरपणी डीईएस देऊ नये असे डॉक्टरांना कळवले. फ्रान्समध्ये तशी बंदी येण्यास १९७७ उजाडले. तोवर एकट्या अमेरिकेत माता आणि त्यांची अपत्ये मिळून ५० लाख ते एक कोटी लोकांचा या औषधाशी संबंध आला होता असा अंदाज आहे. मांसासाठीच्या गुरांना वजनवाढीसाठी दिले जाणारे डीईएस तर अमेरिकेत १९७९ पर्यंत कायमचे बंद झाले नाही.

१४/
प्रमाणाचे भान मात्र सुटता कामा नये. डीईएसच्या छायेत वाढलेल्या मुलींपैकी साधारण हजारात एकीला हा कर्करोग झाला. बाकीच्यांपैकी अनेकींच्या वाट्याला गर्भाशयाची वेगळी घडण, वंध्यत्व, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, मुदतपूर्व प्रसूती हे त्रास आले. चाळिशीनंतर स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढलेला आढळला. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत औषध घेतले असेल तर धोका अधिक होता. किती घेतले, याइतकेच केव्हा घेतले हेही निर्णायक होते.

१५/
हे उघडकीस का आले? तीन गोष्टी जुळून आल्या. एक, रोग इतका विरळा होता की त्या वयाच्या सात मुली एकाच रुग्णालयात येताच डॉक्टर चमकले. दोन, कारण गोळीच्या रूपात होते. तिला नाव होते, तिची चिठ्ठी लिहिली गेली होती. तीन, एका आईला ते नाव आठवत होते आणि ते विचारण्याचे धैर्य तिच्यात होते. यांपैकी एक जरी गोष्ट नसती, तर त्या सात मुली सात स्वतंत्र दुर्दैवे म्हणून नोंदल्या गेल्या असत्या.

१६/
ही केवळ कल्पना नाही. पुरावा डीईएसच्याच इतिहासात आहे. ज्या मातांनी गोळी घेतली, त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. हे कोणत्याही रुग्णालयातील डॉक्टरला दिसले नाही, दिसणे शक्यही नव्हते. स्तनाचा कर्करोग अनेकींना होतो. त्यात थोड्या अधिक जणींची भर पडली तर नुसत्या डोळ्यांना ती कळत नाही. हजारो स्त्रियांवर दशकानुदशके लक्ष ठेवल्यावर, १९८४ नंतरच्या अभ्यासांतून ती वाढ स्पष्ट झाली. एकाच औषधाचे दोन परिणाम : विरळा रोग लगेच पकडला गेला, नेहमीचा रोग गर्दीत लपून राहिला.

१७/
नाव आठवणेही पुरेसे नव्हते. शेकडो कंपन्यांपैकी आपल्या आईने नेमकी कोणाची गोळी घेतली, हे बहुतेक मुलींना सिद्ध करता येईना. १९८० मध्ये ‘सिंडेल विरुद्ध अॅबट लॅबोरेटरीज’ या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्ग काढला : बाजारातील मोठ्या हिश्शाच्या उत्पादकांवर दावा लावता येईल आणि ज्याचा जितका हिस्सा, तितकी त्याची भरपाई. वीस वर्षांपूर्वीची पावती नाही एवढ्यावरून पीडितेला परत पाठवणे अन्यायाचे ठरेल, हे त्या न्यायालयाला उमगले. आरोग्याची नियमने लिहिणाऱ्यांना ते अजून पुरते उमगलेले नाही.

१८/
आता बिस्फेनॉल ए. औषध म्हणून मागे पडलेल्या या संयुगाला १९५०च्या दशकात दुसरा जन्म मिळाला. त्यापासून पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक, टणक प्लास्टिक आणि इपॉक्सी राळ बनू लागली. पाण्याच्या बाटल्या, बाळांच्या दुधाच्या बाटल्या, अन्नाच्या डब्यांचे आतील लेप, दुकानातल्या पावत्यांचे कागद, असा त्याचा संचार झाला. ते इस्ट्रोजेनसारखे वागते हे १९३६ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होते. पण ती माहिती वैद्यकाच्या कपाटात होती आणि कारखाने रसायन अभियंत्यांचे होते.

१९/
ती आठवण परत आली तीही अपघाताने. १९८०च्या दशकाअखेर बोस्टनच्याच टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताही वाढू लागल्या. शोध घेता प्लास्टिकच्या नळ्यांतून नोनिलफिनॉल हे रसायन झिरपत असल्याचे दिसले. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनाही असाच अनुभव आला. प्रयोगातील इस्ट्रोजेन यीस्टमधून येत नव्हते. ते तापवलेल्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून सुटलेले बिस्फेनॉल ए होते. याच सुमारास, १९९१ मध्ये थिओ कोलबॉर्न यांनी अमेरिकेतील विंगस्प्रेड येथे बोलावलेल्या बैठकीत संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या या रसायनांना एक सामायिक नाव मिळाले.

२०/
येथे प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकायला हवे. डीईएस हे प्रबळ औषध होते, रोज मिलिग्रॅममध्ये घेतले जाई. बाटलीतून येणारे बिस्फेनॉल ए त्याच्या कित्येक पटींनी सौम्य आणि प्रमाणाने अत्यल्प असते. त्यामुळे माणसांत कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित मानलेली दैनिक मर्यादा २०,००० पटींनी खाली आणली, तीही कर्करोगासाठी नव्हे, तर प्रतिकारशक्तीवरील परिणामांमुळे. आणि त्यावरही तज्ज्ञांत मतभेद झाले. प्लास्टिकची बाटली म्हणजे कर्करोग, असे ओरडणारे संदेश म्हणूनच असत्य आहेत आणि अपायकारकही.

२१/
परंतु ‘सिद्ध झालेले नाही’ या वाक्याचा अर्थ तपासायला हवा. सिद्ध होण्यासाठी काय लागेल? कोणत्या स्त्रीने गरोदरपणी कोणत्या डब्यातले किती खाल्ले, हे तिला चाळीस वर्षांनी आठवावे लागेल. या वस्तूंना चिठ्ठी नाही, मात्रा नाही, पुष्कळदा घटकांची यादीही नाही. ज्यांना अशा वस्तूंचा स्पर्शच झाला नाही असा तुलनागट शहरांत सापडणे कठीण. बोस्टनसारखा पुरावा येईपर्यंत थांबू, असे म्हणणे म्हणजे जो पुरावा त्या वाटेने येऊच शकत नाही त्याची वाट पाहणे होय.

२२/
मग पुरावा कोणत्या वाटेने येतो? कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९५९ ते १९६७ या काळात पंधरा हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोठवून ठेवले गेले. ते दिवस डीडीटीच्या मुक्त फवारणीचे होते. २०१५ मध्ये बार्बरा कोन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या मातांच्या रक्तात डीडीटीचा एक प्रकार सर्वाधिक होता, त्यांच्या मुलींत ५२ वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका जवळपास चौपट होता. कोणालाही काही आठवण्याची गरज पडली नाही. रक्ताने आठवण जपली होती. हा एकच अभ्यास अंतिम शब्द नव्हे. पण पाहायचे कसे, हे त्याने दाखवले.

२३/
डीडीटीचा संबंध महाराष्ट्राशीही आहे. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे सरकारी कारखान्यात ते बनत आले. हिवतापाविरुद्ध त्याने असंख्य जीव वाचवले हेही तितकेच खरे. म्हणून भारताने १९८९ मध्ये शेतीतील वापर थांबवला आणि रोगनियंत्रणासाठीचा चालू ठेवला. असा निर्णय हिशेब मांडून घ्यायचा असतो, आणि हिशेबाला नोंद लागते. मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण भागातील पहिली. या नोंदणी कोणाला कोणता कर्करोग झाला हे सांगतात. आईच्या रक्तात काय होते, हे सांगणे त्यांच्या कक्षेत नाही.

२४/
ती उणीव भरून काढणे अशक्य नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. उद्देश पोषण आणि मधुमेह यांचा होता. पण पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवता येते हे त्यातून महाराष्ट्रातच सिद्ध झाले. रसायनांसाठीही तेच व्हावे. गरोदर स्त्रियांचे नमुने त्यांच्या संमतीने जपून ठेवावेत आणि कर्करोग नोंदणीशी जोडावेत. आज गोठवलेल्या कुपीची किंमत २०६० मध्ये कळेल.

२५/
दुसरी गोष्ट पुराव्याच्या ओझ्याची. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाच्या संपर्कातील वस्तूंत बिस्फेनॉल ए वापरण्यावर बंदी आणली. पण अनेक उत्पादकांनी त्याआधीच त्याच्या जागी बिस्फेनॉल एस आणले होते. त्याची रचना जवळपास तशीच, आणि तेही प्रयोगशाळेत इस्ट्रोजेनसारखे वागते. ‘बीपीए-मुक्त’ हा शिक्का खरा असतो आणि तरीही फारसे काही सांगत नाही. एकेक नाव वगळण्यापेक्षा सारख्या रचनेच्या रसायनांचा एकत्र विचार व्हावा, आणि संप्रेरकांवरील परिणामाची चाचणी विक्रीआधी करणे उत्पादकाचे काम ठरावे.

२६/
डीईएसच्या इतिहासात माहितीचा अभाव कधीच नव्हता. १९३२, १९३८, १९३९, १९५३ : प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी पाहिले होते आणि लिहिले होते. अभाव होता तो लिहिलेले वाचून थांबण्याचा. अखेर जे काम प्रयोगशाळा, नियामक आणि कंपन्या यांच्याकडून झाले नाही, ते रुग्णालयात लेकीच्या उशाशी बसलेल्या एका आईच्या स्मरणशक्तीने केले. समाजाचे आरोग्य अशा एका स्मरणावर पुन्हा अवलंबून राहू नये. आठवण ठेवणे हे संस्थांचे काम आहे, आणि ती नाही ठेवली तर काय होते हे सांगणे इतिहासाचे.